फुकट आणि मोकळं

विट्यात तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, १९९८ पासून. त्याआधी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस, आणि दोन वर्षं एका वकिलांच्या ओट्यावर बसून अर्ज बडवले. आता अर्ज टाइप करून कोणी मागत नाही. आता लोक मोबाइल पुढे करतात. "ताई, हे चढंना. दोनशे छप्पन्नच्या आत पायजे म्हणतंय."

दोनशे छप्पन्न म्हणजे केबी. कुठल्यातरी दाखल्याच्या नाहीतर शिष्यवृत्तीच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की पीडीएफ एवढ्याच्या आत हवी, आणि मोबाइलवर काढलेला रेशनकार्डाचा फोटो असतो चार एमबीचा. मग माणूस आधी घरी खटपट करतो. 'पीडीएफ लहान करा' असं शोधतो, जी पहिली साइट येईल तिच्यावर आधार, पासबुक, सातबारा सगळं चढवतो आणि लहान झालेली फाइल उतरवून घेतो. काम होतं, पैसेही पडत नाहीत. पण ती साइट कोणाची, कुठल्या देशातली, चढवलेला कागद तिथे किती दिवस राहतो, हे विचारलं की समोरचा माझ्याकडेच संशयाने बघतो. दारात आलेल्या अनोळखी माणसाने "द्या, उतारा मी ठेवून घेतो जरा" म्हटलं, तर हाच माणूस कुत्रं सोडेल.

मला बोलायचंय ते या फुकटबद्दल. आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' म्हणतात, पण कॉम्प्युटरवर फुकट मिळणाऱ्या वस्तू एका जातीच्या नसतात. एक फुकट असतं तुमच्या कागदांवर किंवा तुमच्या डोळ्यांवर जगणारं. एक असतं चोरीचं. आणि एक असतं कोणीतरी स्वतः बनवून, कृती उघडी ठेवून, 'घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या' म्हणून चव्हाट्यावर ठेवलेलं. या तिसऱ्याला मी फुकट म्हणत नाही, मोकळं म्हणते. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द पडतो, त्यामुळे तिकडच्या लोकांना फरक समजावताना घाम फुटतो. आपल्याला ती अडचण नाही.

माझ्या दुकानात दोनशे छप्पन्नचं काम होतं ते 'नॅप्स-टू' नावाच्या मोकळ्या स्कॅनिंगच्या प्रोग्रामवर. लांबलचक नावाचा अर्थच 'आणखी एक पीडीएफ स्कॅनर नव्हे' असा काहीतरी होतो. नाव ठेवणारा वैतागलेला असणार. युक्ती अशी की फाइल मागाहून पिळत बसायचं नाही, मूळ कागद आणायला सांगायचा आणि स्कॅन करतानाच बेतशीर करायचा. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर घेतला तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. १५० वर घेतला तर लांबी-रुंदी दोन्ही निम्मी, म्हणजे ठिपके पाव. रंगीतऐवजी करडा घेतला की आणखी हलका. दाखल्याचा शिक्का निळाच दिसायला हवा असा आग्रह नसेल, तर एक पान आरामात बसतं, आणि वाचताही येतं, जे त्या साइटवर पिळलेल्या फाइलींचं होत नाही. मग तलाठ्याची सही म्हणजे मुंगी मेल्यासारखा डाग. हे सगळं माझ्याच मशीनवर होतं, कागद कुठे बाहेर जात नाही. भिंतीवर तशी पाटी लावलीय.

याच प्रोग्राममध्ये छापील मराठी ओळखून त्याचा मजकूर काढायची सोय आहे. ते काम आतून टेसरॅक्ट नावाचं इंजिन करतं. ते एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८५ च्या सुमाराला सुरू झालं, बरीच वर्षं कपाटात पडून राहिलं आणि २००५ मध्ये खुलं केलं गेलं. तेव्हापासून जगभरच्या लोकांनी त्याला भाषा शिकवल्या, त्यात आपलीही. स्वच्छ छपाई असेल तर बऱ्यापैकी वाचतं, जोडाक्षरांना अडखळतं. जुन्या हस्तलिखित दस्तांपुढे मात्र हात टेकतं. तिथे अजून आमचे ऐंशीच्या पुढचे एक निवृत्त कारकूनच लागतात.

आता चोरीच्या फुकटाबद्दल, कारण ते मी स्वतः खाल्लं आहे. दुकानातला पहिला कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने विंडोज, ऑफिस, मराठी फॉन्ट सगळं 'आत घालून' दिलं होतं. ते विकत घ्यायचं असतं हेच मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. पुढे ठाऊक झालं तरी चालवून घेतलं. बाजारात सगळेच चालवत होते. २०१९ च्या पावसाळ्यात पुतण्याने एका प्रोग्रामचा 'क्रॅक' उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर प्रत्येक फाइलीच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली, एकही उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: पैसे पाठवा, किल्ली देतो. चार वर्षांचे करारनाम्यांचे मसुदे, लग्नपत्रिका, बचतगटांचे हिशेब, सगळं गेलं. पैसे मी पाठवले नाहीत. पाठवायचे कसे हेही कळत नव्हतं म्हणा. पोलिसांकडे जावं तर सांगणार काय, चोरीचा माल आणताना चोर घरात शिरला?

त्या आठवड्यात मी सगळं पुसून नव्याने बसवलं. विंडोज रीतसर विकत घेतलं. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस आलं. त्याची कुळकथा आपल्याला समजेल अशी आहे: एका जर्मन कंपनीचं ऑफिस सन कंपनीने १९९९ मध्ये घेतलं, वर्षभरात खुलं केलं, पुढे सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा आत काम करणाऱ्या मंडळींनी २०१० मध्ये सगळा संसार उचलून वेगळी चूल मांडली. कृती मोकळी असल्यामुळे त्यांना कोणी अडवू शकलं नाही. खोटं सांगणार नाही, दुसरीकडे केलेली वर्डची फाइल यात उघडली की कधी तक्ता सरकतो, कधी शेवटची ओळ पुढच्या पानावर जाऊन बसते. ग्रामपंचायतीचा ठराव असा सरकला तर ग्रामसेवक चिडतो. तेवढ्यासाठी मी बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवते.

पण माझ्यासारखीला लिबरऑफिस रुचलं ते जुन्या फाइलींमुळे. १९९९ ते २००५ या काळातल्या माझ्या काही फ्लॉप्या आणि सीड्या घरी ट्रंकेत होत्या, म्हणून त्या चिठ्ठीवाल्यांच्या हाती लागल्या नव्हत्या. उघडल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. मीच टाइप केलेलं, माझ्या बोटांनी, आणि मला वाचता येईना. कारण त्या काळी मराठी म्हणजे प्रत्येक कंपनीचा आपला फॉन्ट, आपली मांडणी. 'क' कुठल्या खुणेवर बसवायचा हे ज्याचं त्याने ठरवलेलं. तो फॉन्ट गेला की तुमचं मराठीही गेलं. एका बचतगटाच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त असं अडकून पडलं होतं. शेवटी त्यातल्या एका पानाची जुनी छापील प्रत सापडली. ती समोर ठेवून कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर ते वहीत लिहून काढलं आणि लिबरऑफिसात शोधा-बदलाची आज्ञा एकामागून एक देत तीन दुपारी घालवल्या. ऱ्हस्व वेलांटी फार छळते; जुन्या फॉन्टात ती व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या सगळ्यांच्या सामायिक मांडणीत, नंतर हवी. आज युनिकोडमध्ये 'क' हा सगळीकडे 'क'च आहे, आणि अक्षररूपही मोकळं मिळतं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' फॉन्ट मी पत्रिकांपासून पाट्यांपर्यंत वापरते. परवानाच असा की छापा, विका, कोणी विचारणार नाही. आपल्याकडच्या काही कार्यालयांतून मात्र अजून जुन्या फॉन्टातच मजकूर येतो. वीस वर्षांनी तोही कोणीतरी वहीत अक्षरं मांडून सोडवत बसणार आहे, हे तिथल्या साहेबांना कोणीतरी सांगा.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यांत जीव आहे ते अवजार. नाव फोटोरेक. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलेलं. दिसायला अगदीच भिकार: काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस चालत नाही, बाणाच्या कळांनी वर-खाली जायचं. (आता त्याला चित्ररूप भावंड आहे. मी काळंच वापरते, सवय.)

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायची दुकानं, कोणाचं तामिळनाडूत, कोणाचं दिल्लीत, कोणाचं बंगालात. घरची बाई-माणसं गावी, कर्ता माणूस दोन हजार किलोमीटरवर. त्यामुळे फोटोंना इकडे फार किंमत. अशाच एका घरातली सूनबाई गेल्या उन्हाळ्यात दुकानात आली, पदरात मेमरी कार्ड गुंडाळून. बाळाच्या बारशाचे फोटो. कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात घातलं, त्याने काहीतरी विचारलं, दिराने 'हो' दाबलं, कार्ड कोरं. बाळाचा बाप बारशाला नव्हता. फोटो त्याच्यासाठीच काढलेले.

मी पहिला प्रश्न विचारला, "त्यानंतर एखादा तरी फोटो काढला का यावर?" नाही म्हणाली. मग जीव भांड्यात पडला.

तिला मी समजावलं ते असं. सातबारा गहाळ झाला म्हणून जमीन जागची हलत नाही. कार्ड फॉरमॅट होतं तेव्हा बहुतेक वेळा फक्त नोंदवही पुसली जाते, कुठला फोटो कुठे ठेवलाय याची. फोटो आपल्या जागीच पडलेले असतात, जोवर त्यांच्यावर नवं काही लिहिलं जात नाही. फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही. ते कार्डाच्या एका टोकाकडून चालायला लागतं आणि बांधावरचे दगड बघतं. जेपेग फोटोची सुरुवात नेहमी ठरलेल्या त्याच खुणांनी होते. ती खूण दिसली की इथून एक फोटो सुरू झाला असं धरायचं आणि पुढचा उचलून बाजूला ठेवायचा. उचललेला माल मात्र त्याच कार्डावर ठेवायचा नाही, नाहीतर आपणच आपल्या पिकावर नांगर फिरवतो. मी तो नेहमी दुसऱ्या डिस्कवर ठेवते.

बत्तीस जीबीचं कार्ड. सव्वा तास लागला. ती बाकड्यावर बसून पडद्यावरचा आकडा बघत होती: चाळीस, एकशेदहा, तीनशे. शेवटी आठशेच्या वर गेला. नावं सगळी गेलेली, एफ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा एवढंच उरतं. तारखांचाही बराच घोळ. पण पाळणा होता. पाळण्यावरचं भिंगऱ्यांचं झुंबर होतं, कुंची घातलेलं बाळ होतं, आणि आत्याने कानात नाव सांगताना सगळ्या बायका पाठीत धपाटे घालतात तो फोटोही होता, जरा हललेला.

बारशाच्या आधीचंही बरंच वर आलं, दोन-तीन वर्षांपूर्वी पुसलेलं. ते मी बघितलं नाही, तसंच तिच्या पेनड्राइव्हवर भरून दिलं. पण जुने मोबाइल आणि कार्डं मोडीत विकणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जे मी काढू शकते ते मोडवालाही काढू शकतो.

दोनशे रुपये घेतले. घरी जाताना डोक्यात आलं, या दोनशेतला त्या ग्रेनिएचा वाटा किती?

हा प्रश्न मला आधीही एकदा चावला होता. फोटो झटपट कापून पन्नास केबीत बसवायला आमच्या धंद्यात सगळे इरफानव्ह्यू वापरतात. इरफान श्किल्यान या मूळच्या बोस्नियाच्या माणसाने १९९६ मध्ये काढलेलं, हलकंफुलकं, पिंपळाच्या पानाएवढं. फुकट आहे म्हणून मीही बारा-तेरा वर्षं वापरलं. एकदा वेळ जात नव्हता म्हणून त्याच्या अटी वाचल्या. घरगुती वापराला आणि शिक्षणाला फुकट; धंद्याला वापरायचं तर परवाना विकत घ्या. म्हणजे क्रॅकवाल्यांना नावं ठेवत मीही इतकी वर्षं तेच करत होते, फक्त माझ्या चोरीला कुलूप नव्हतं. परवाना घेतला. ते मोकळं नाही, पण प्रामाणिक आहे, आणि स्वस्त आहे.

व्हिडिओ लावायचं व्हीएलसी तर सगळ्यांनाच माहीत आहे, तो रस्त्यावरचा नारिंगी शंकू. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं, २००१ पासून मोकळं. त्याचे प्रमुख जाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी जाहिराती घालण्यासाठी चालून आलेले मोठे पैसे नाकारले. तो शंकू आजवर एकदाही मला 'प्रीमियम घ्या' म्हणाला नाही. २०२२ साली मात्र त्याची मूळ साइट भारतातून कित्येक महिने उघडत नव्हती, रोखली होती. त्यांनी सरकारला कायदेशीर नोटीस धाडल्यावर नोव्हेंबरात ती खुली झाली. त्या काळात लोकांनी तोच शंकू कुठून कुठून उतरवला आणि त्याच्याबरोबर काय काय घरात आणलं, ते माझ्या दुकानाने निस्तरलं. मोकळं सॉफ्टवेअर घ्यायचं ते त्याच्या स्वतःच्या दारातून. शोधल्यावर सगळ्यांत वर जे 'जाहिरात' लिहिलेलं येतं आणि ज्यावर हिरवंगार मोठं बटण असतं, ते त्याचं दार नव्हे.

फाइली आवळून एकत्र बांधायला सेव्हन-झिप. त्याबद्दल काय सांगणार, पोत्याच्या तोंडाची सुतळी. इगोर पावलोव्ह या रशियन माणसाने १९९९ मध्ये आणलं, आजही मुख्यतः तोच सांभाळतो. दुसरीकडे एक प्रोग्राम आहे जो चाळीस दिवसांची मुदत संपली असं सांगतो आणि पुढे वर्षानुवर्षं निमूट चालतो. आपल्या देशात त्याच्याइतका सहनशील कोणी नाही.

पावलोव्हच्याच पद्धतीवर चालणारं एक्सझी नावाचं अवजार जगभरच्या सर्व्हरांत बसलेलं आहे. ते सांभाळायचं काम एकटा माणूस फावल्या वेळात, बिनपगारी करत होता. थकला होता. एक अनोळखी मदतनीस आला, दोनेक वर्षं गोड बोलून विश्वास मिळवला आणि हळूच आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो दरवाजा सापडला तो अगदी योगायोगाने: आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला सर्व्हरात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो असं वाटलं, आणि तो खोदत गेला. कृती मोकळी होती म्हणून त्याला खोदता आलं, हे खरं. पण बड्या बड्या कंपन्या ज्या खांबावर टेकल्या होत्या त्या खांबाला कोणी चहासुद्धा विचारला नव्हता, हेही तितकंच खरं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित दुरुस्ती थांबली, तेव्हापासून लोक जुने लॅपटॉप घेऊन येतात, "भंगारात द्यायचा का ताई?" मी रुफस नावाच्या चिमुकल्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही मोकळी प्रणाली घालते आणि एक तास समोर चालवून दाखवते. दहातले चार नको म्हणतात, कारण त्यांचं हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. बाकीच्यांना ब्राउझर, टायपिंग आणि गाणी एवढंच हवं असतं. आमच्याकडच्या शाळांनी तरी हे करून बघावं. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मोकळ्या प्रणालीवर चालतात आणि तिथली पोरं काही मागे पडलेली नाहीत. शाळेत क्रॅक घालून द्यायचा आणि फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहायचं, हे शोभत नाही.

खंडेनवमीला आम्ही दुकानातली अवजारं पुसतो, मांडतो, हळदकुंकू वाहतो. झेरॉक्स मशीन, स्कॅनर, जुना टाइपरायटर जो आता फक्त त्या दिवशी खाली येतो. प्रत्येकाला झेंडूचं फूल. २०२० पासून मी त्या दिवशी आणखी एक करते: वापरातल्या एका मोकळ्या अवजाराला पाचशे रुपये पाठवते. साइटवर देणगीचं बटण असतं, पण परदेशी व्यवहार कार्डावर आधी चालू करून घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी त्यातच दोन दिवस गेले. आधी लिबरऑफिस, मग व्हीएलसी, मग नॅप्स-टू, असा फेरा. तुमच्या मशीनवर यातलं काही असेलच. एक निवडा, नवमीला फुलाबरोबर चार पैसे त्यालाही वाहा. माझ्याकडे यंदा पाळी फोटोरेकची आहे.